रिकामी गॅलरी, घरचं कोर्ट: हा प्रयोग खरंच आयता आहे का?

१२ मार्च २०२० ला एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली. दुसऱ्या महायुद्धातही न थांबलेली पुरुषांची स्पर्धा १९३९ नंतर पहिल्यांदाच झाली नाही. पुढचा सीझन लांबून २५ नोव्हेंबरला सुरू झाला, आणि बहुतेक मॅचेस रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या गॅलरीपुढे झाल्या.

आपल्याला, म्हणजे संशोधनवाल्यांना, हा आयता प्रयोग वाटतो. आपल्या कोर्टवर खेळणारी टीम जास्त वेळा जिंकते हे जुनंच निरीक्षण. पण ते प्रेक्षकांमुळे, पाहुण्यांच्या प्रवासामुळे, की कोर्ट ओळखीचं असल्यामुळे? आता प्रेक्षक गेले, कोर्ट तेच राहिलं. दोन सीझनमधली घरच्या टीमच्या विजयाची टक्केवारी शेजारी शेजारी मांडा, झालं काम!

थांबा जरा. एरवी सीझनच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं छोट्या कॉलेजांना पैसे मोजून आपल्याकडे खेळायला बोलावतात. तिथे घरची टीम बहुतेक वेळा जिंकते, कारण ती मुळातच सरस असते. कोविडच्या सीझनमध्ये मॅचेसची कमाल मर्यादा ३१ वरून २७ वर आली आणि कात्री मुख्यतः या सुरुवातीच्या मॅचेसना लागली. म्हणजे गॅलरी खचाखच भरली असती तरी ही टक्केवारी घसरू शकली असती.

बरं, मग फक्त कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ठरलेल्या गटातल्या मॅचेस घेऊ. तिथेही गंमत आहे. प्रवास वाचवायला काही कॉन्फरन्सेसनी त्याच दोन टीमना एकाच ठिकाणी लागोपाठ दोनदा खेळवलं. प्रेक्षकांबरोबर प्रवासही बदलला. शिवाय पॉझिटिव्ह टेस्टमुळे रद्द झालेल्या मॅचेस काही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. आयव्ही लीग तर त्या सीझनमध्ये खेळलीच नाही.

मला विचाराल तर इथे विजय मोजूच नका, फ्री थ्रो मोजा. अंतर ठरलेलं, १५ फूट. अडवायला कोणी नाही. एरवी बास्केटमागे बसलेले विद्यार्थी हात हलवून, ओरडून पाहुण्याचं लक्ष उडवतात, तेवढाच अडथळा. एकाच खेळाडूची घरची आणि बाहेरची टक्केवारी घ्या, दोघांतला फरक काढा, आणि तो फरक कोविडच्या सीझनमध्ये आकसला का ते बघा. सराव बुडाल्याचा परिणाम दोन्हीकडे साधारण सारखाच, त्यामुळे वजाबाकीत तो बराचसा निघून जातो. याला फरकांमधला फरक म्हणतात.

२०२१ ची राष्ट्रीय स्पर्धा मात्र या डेटात मिसळू नका. पुरुषांच्या सगळ्या मॅचेस एकट्या इंडियाना राज्यात झाल्या, तिथे ‘घरचं’ असं कोणाचंच नव्हतं. आणि २०२१-२२ ला ‘पूर्ववत’ सीझन धरायच्या आधी एवढं बघा, की खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं होतं. एरवी बाहेर पडले असते असे कितीतरी जण त्या टीममध्ये अजून खेळत होते.