दूरध्वनीवरील तोतया बँक अधिकारी : ओळख व बंदोबस्त

परभणी जिल्ह्यात कापूस व सोयाबीन ही खरिपाची प्रमुख पिके होत. सेलू, मानवत यांसारख्या बाजारपेठांत माल विकला गेला म्हणजे त्याची रक्कम आता बहुधा बँकेतील खात्यात जमा होते. पीककर्ज, पीकविम्याची भरपाई व पीएम-किसान योजनेचे हप्तेही तेथेच येतात. पुढील पेरणीचे बी-बियाणे व खत याच पैशातून घ्यावयाचे असते. हा पैसा लुबाडणारा चोर घर फोडीत नाही. तो बँकेचा अधिकारी म्हणून दूरध्वनी करतो आणि कधी कधी मोबाइलच्या पडद्यावर बँकेचाच क्रमांक उमटवितो. म्हणून पडद्यावरील क्रमांक हा बोलणाऱ्याच्या ओळखीचा पुरावा नव्हे, हे प्रत्येक खातेदाराने जाणून घेणे अवश्य आहे.

खोटा क्रमांक कसा उमटतो?

पोस्टकार्डावर पाठविणाऱ्याने आपला म्हणून कोणताही पत्ता लिहिला, तरी टपालखाते तो पडताळून पाहत नाही. दूरध्वनीचेही काहीसे असेच आहे. कॉल जेथून निघतो तेथेच त्याच्याबरोबर क्रमांक जोडला जातो, व पुढील यंत्रणा तो बहुधा जसाच्या तसा दाखविते. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या ठकास तेथे दुसऱ्याचा क्रमांक घालता येतो. परदेशातून येऊन भारतीय क्रमांक दाखविणारे असे कॉल अडविण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडविले.

दुसरी युक्ती याहून सोपी आहे. बँकेच्या १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकातील पहिला १ गाळला की जो क्रमांक उरतो, त्याच्याशी जुळणारा मोबाइल क्रमांक मिळवावयाचा आणि नाव दाखविणाऱ्या ॲपवर तो बँकेच्या नावाने नोंदवावयाचा. घाईत हा फरक लक्षात येत नाही.

बँकांनी ग्राहकांना सेवाविषयक कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, अशी व्यवस्था लावण्यात आली असून व्यापारी बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत देण्यात आली होती. ही व्यवस्था उपयुक्त आहे. तथापि १६०० दिसले म्हणून गुप्त माहिती सांगावी, असा तिचा अर्थ नव्हे.

खरी पारख

पिशवीवरील छाप पाहून बियाण्याची पारख होत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी लागते. येथेही क्रमांकावरून नव्हे, तर मागणीवरून पारख करावी. "केवायसी संपली, खाते आजच बंद होईल", "हप्ता अडकला आहे" असे सांगून जो ओटीपी, पिन किंवा कार्डामागील तीन अंक विचारतो, अथवा ॲपची फाइल पाठवून ती उघडावयास लावतो, तो ठक समजावा. खरी बँक हे अंक कधीही विचारीत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. तो देण्यासाठीच लागतो.

१ मे २०२५ रोजी राज्यातील दोन ग्रामीण बँकांचे एकत्रीकरण होऊन आजची महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. अशा बदलाचे निमित्त सांगून कोणी माहिती मागितल्यास शाखेत जाऊनच खात्री करावी.

संशय येताच कॉल बंद करावा. आलेल्या क्रमांकावर उलट कॉल न करता पासबुकावरील क्रमांक स्वतः दाबून चौकशी करावी.

पैसे गेल्यास

क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवून खाते थांबवावे. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवितो. ती वाटेत अडविता आली तरच परत मिळण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाची व बँकेचीही चूक नसताना व्यवहार झाला आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर तोशीस येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, व कळविल्यानंतरचे बँकेचे मानले जाते. यावरून लाजेने गप्प बसणे किती महाग पडते हे दिसून येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी स्थानिक शाखांचे क्रमांक व १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावेत. ग्रामसभेत, तसेच महिला बचत गटांच्या बैठकीत वरील खुणा समजावून सांगाव्यात. वृद्ध व निरक्षर खातेदारांच्या पासबुकावर शाखेचा क्रमांक मोठ्या अंकांत लिहून द्यावा. फसलेल्या माणसास दोष न देता त्याच्याजवळ बसून आधी १९३० लावून द्यावा. बाकीची विचारपूस मागाहून करता येते.