डोक्याला मार लागल्यानंतरचं आयुष्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घसरलेली दुचाकी, गर्दीच्या लोकलमधून पडणं, इमारतीच्या परांचीवरून कोसळणं किंवा पॅरालिसिसचा झटका. वसई-विरारमध्ये कमावत्या वयाच्या माणसाच्या मेंदूला इजा होते ती अशा कारणांनी. जीव वाचला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण लांबचा पल्ला डिस्चार्जनंतर सुरू होतो आणि तो एकट्या घराला पेलत नाही. शेजार, बाजार, सोसायटी आणि कामाची जागा यांनी साथ दिली, तर असा माणूस आपल्याच गावात मानानं जगू शकतो. त्याच्या वाटेत अनेकदा आपले गैरसमजच उभे असतात.

गैरसमज १ : टाके सुटले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे माणूस बरा झाला.

वस्तुस्थिती : सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले असतील, तर ते पुष्कळदा दिसत नाही. माणूस चालतो, पाहुण्यांशी हसून बोलतो. पण सकाळी सांगितलेलं दुपारी विसरतो, दोघं एकदम बोलले की गोंधळतो, थोड्याशा कामानं गळून जातो. एका वेळी एकच सूचना, कामाचे छोटे टप्पे आणि मध्ये विश्रांती दिली की त्याचा दिवस बराच सोपा होतो. मात्र डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी किंवा फिट आली, तर लगेच रुग्णालय गाठावं.

गैरसमज २ : तो मुद्दाम करतो. आळशी आणि तापट झालाय.

वस्तुस्थिती : काम सुरू करणं, राग आवरणं, परिणामाचा विचार करणं हे कपाळामागच्या मेंदूच्या भागावर फार अवलंबून असतं. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर फिनिअस गेज याच्या कवटीतून लोखंडी कांब आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव पालटल्याचं त्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं. गेजची गोष्ट बहुतेकदा इथेच संपवली जाते. पुढे त्यानं चिली देशात काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. रोजचा ठरलेला मार्ग आणि ठरलेल्या वेळा यांमुळे तो सावरला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आजही रागावण्यापेक्षा भिंतीवर लिहिलेलं दिवसाचं वेळापत्रक आणि मोबाइलचा अलार्म जास्त कामाला येतात.

गैरसमज ३ : पहिल्या वर्षात सुधारेल तेवढंच. नंतर उपचार वाया जातात.

वस्तुस्थिती : सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, हे खरं. पुढे तो मंदावतो, पण नव्या युक्त्या शिकणं अनेक वर्षं चालू राहू शकतं. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था १९५५ पासून याच कामात आहे. वाचा गेलेल्यांना स्पीच थेरपीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. दोन्ही पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर आहेत आणि लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. तरीही विरारहून हा प्रवास थकवणारा आहे. म्हणून तिथे व्यायाम शिकून तो घरी रोज करणं महत्त्वाचं.

गैरसमज ४ : घराबाहेर पाठवणं धोक्याचं. घरात किंवा संस्थेतच ठेवावं.

वस्तुस्थिती : मेंदूला इजा झालेल्या अनेकांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप वापरता येत नाही. टेबलावर नाण्यांचा हिशेब जमला, म्हणून भाजीवाल्या मावशींसमोर जमेलच असं नाही. तो सराव बाजारातच करावा लागतो. सुरुवातीला कुणी सोबत राहून, मग चार पावलं मागे राहून. वाडीत फुलं तोडणं, दुकानात माल लावणं अशी ओळखीची कामं यासाठी चांगली. गाडी चालवणं, झाडावर चढणं, विहिरीत किंवा समुद्रात पोहणं मात्र डॉक्टरांना विचारूनच. समाजात राहण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येत नाही.

गैरसमज ५ : कायद्यात यांच्यासाठी काही नाही. सही आणि बँक व्यवहार तरी काढून घ्यावेत.

वस्तुस्थिती : कायद्याच्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत मेंदूची दुखापत वेगळी नोंदलेली नाही. पण तिच्यामुळे हातापायांत उरलेला अशक्तपणा, गेलेली वाचा किंवा अधू झालेली दृष्टी यांसाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळू शकतं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी वसईच्या तहसील कार्यालयात चौकशी करावी. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना त्या कारणानं काढू शकत नाही. निर्णयांबाबत कलम १४ मर्यादित पालकत्वाची सोय देतं : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून.

शेजाऱ्यांनी, मंडळांनी आणि चर्चच्या गटांनी एक जबाबदारी नक्की घ्यावी. आठवड्यातला एक ठरलेला वार आणि एक ठरलेली वेळ या माणसासोबत बाहेर जाण्यासाठी द्यावी. त्यामुळे त्याला सराव मिळेल आणि त्याची काळजी वाहणाऱ्या बायकोला किंवा आईला विसावा मिळेल. ती थकून आजारी पडली, तर घरात दुसरा आधारच उरत नाही.