अंगातलं लोखंड : येणं आहे, जाणं नाही

मंडळी, कुंभार पिंपळगावात लोखंड म्हटलं की फाळ नाहीतर विळा आठवतो. पण आपल्या अंगातही तीन-चार ग्रॅम लोह असतं. रोज अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट मात्र शरीराकडे नाही. आतड्यातून किती आत घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात.

आता थॅलेसेमियाचं मूल घ्या. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह! ते थेट शिरेतून येतं, म्हणून आतड्याचा पहारा इथे कामाचा नाही. यकृतात, हृदयात साठत जातं. ज्या रक्ताने मूल जगतं, त्यातल्याच लोहाने त्याचं हृदय निकामी होतं.

उपाय काय? लोहाला धरून बाहेर नेणारी औषधं. त्यातलं डेसफेरॉक्सामिन कातडीखाली, पंपाने, आठ-दहा तास, आठवड्यातल्या बहुतेक रात्री द्यावं लागे. गरिबाने काय करायचं? १९९५च्या सुमारास मुंबईच्या सिप्लाने डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं औषध ‘केल्फर’ नावाने आणलं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली २०११ मध्ये! पण याने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. म्हणून रक्त तपासत राहायचं, ताप आला की लगेच डॉक्टर गाठायचा.

आणि फिकट दिसणाऱ्या प्रत्येक लेकराला लोहाचं टॉनिक पाजू नका. आधी तपासा, लोह कमी आहे की साठलंय. औषध कुठलं आणि विष कुठलं, ते तिथेच ठरतं.