गांडुळासारखं दिसतं म्हणून नव्हे

अमेरिकेत तळ्याकाठच्या गळसामानाच्या दुकानात शिरलं की भिंतभर प्लास्टिकची गांडुळं लोंबताना दिसतात. जांभळी, कलिंगडी हिरवी, चमकी मारलेली. बास माशाला ही का आवडतात, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: त्याला ती खरी वाटतात.

हा पहिला गैरसमज, आणि तो जुना आहे. 1949 साली ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं, तेव्हा त्यांना हुबेहूब गांडूळच हवं होतं. पण आज ज्या आमिषावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात, ते गॅरी यामामोतो यांचं ‘सेंको’ जाडसर पेनासारखं दिसतं. ना शेपूट, ना पाय. शिवाय मोठ्या तोंडाचा बास जगतो तो मुख्यतः लहान मासे आणि क्रेफिशवर. गांडूळ त्याच्या ताटात क्वचितच येतं. सेंको बुडताना आडवं राहतं आणि त्याची दोन्ही टोकं हलकेच थरथरतात. बासच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली अशी बारीक हालचाल कळते. रूप राहिलं बाजूला, काम करते ती चाल.

खरी करामत मात्र मऊपणात आहे. बास राहतो गवतात, बुडालेल्या फांद्यांत. उघड्या गळांचं कडक आमिष तिथं टाकलं की मासा नाही, फांदीच हाती लागते. मऊ आमिषात गळाचं टोक परत अंगातच लपवता येतं. याच जोडणीला ‘टेक्सास रिग’ म्हणतात. मग ते गवतातून अलगद सरकतं, थेट माशाच्या दारात. बास चावत नाही. क्षणात जबडा फाकून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. हलकं, मऊ आमिष सहज ओढलं जातं. वर दोरीला हिसका बसला की प्लास्टिक दबतं आणि लपलेलं टोक बाहेर येऊन जबड्यात रुततं. माझ्या मते या आमिषाची निम्मी कीर्ती एवढ्याशा युक्तीची आहे.

मीठ घातलेलं आमिष बासला चवदार लागतं, असंही सांगतात. चवीचा वाद चालू द्या. मिठाचं पक्कं काम वजनाचं आहे. मीठ पाण्याच्या दुपटीहून जड असतं, त्यामुळे शिसं न लावताही आमिष लांब फेकता येतं आणि नीट बुडतं. किंमत एवढीच की ते लवकर फाटतं.

रंगावरून तर तळ्याकाठी भांडणं होतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासची रंगदृष्टी तपासली. लाल आणि हिरवा त्याला चांगले ओळखता आले, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच काळा आणि निळा यांत त्याचा गोंधळ उडाला. काळं घ्यावं की निळं, याचा खल गिऱ्हाइकाने खुशाल करावा.

आपल्याकडचा एक घोळही इथेच निस्तरतो. हॉटेलात ‘सीबास’ म्हणून मिळणारा जिताडा आणि हा बास एकाच कुळातले नव्हेत.

आणि सर्वांत मोठा बास याच आमिषाला लागला असेल, असंही समजू नका. जॉर्ज पेरी यांनी 1932 मध्ये जॉर्जियात सुमारे 10 किलोचा बास पकडला तो लाकडी आमिषावर. मानाबू कुरिता यांनी 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्या विक्रमाची बरोबरी केली, तीही जिवंत ब्लूगिल मासा लावून.

राहिलं ते फाटलेलं गांडूळ. मऊच आहे, विरघळून जाईल, म्हणून कित्येकजण ते पाण्यात भिरकावतात. ते विरघळत नाही. तळाशी पडून फुगत राहतं, आणि कधी एखादा मासा तेही गिळतो.