सुपरचार्जर की टर्बोचार्जर?
इंजिनात अधिक हवा दाबून भरली की अधिक इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. सुपरचार्जर हे काम क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरून करतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच जोर मिळतो, मात्र त्यासाठी इंजिनाचीच काही शक्ती खर्ची पडते. टर्बोचार्जर एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर चालतो, म्हणून तो काटकसरी खरा; परंतु कमी फेऱ्यांवर हा झोत क्षीण असल्याने जोर उशिरा येतो (यालाच टर्बो लॅग म्हणतात), आणि १९७५च्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये तो वळणातच एकदम उसळला, तर मागची चाके घसरण्याची भीती असे. लान्सियाने १९८५मध्ये डेल्टा एस४ या रॅली-गाडीच्या जेमतेम १.८ लिटरच्या इंजिनाला दोन्ही यंत्रे जोडली, अर्थात वाढीव गुंतागुंत पत्करूनच. आजचे टर्बो बरेच चपळ झाल्याने इंधनाचा हिशेब पाहणाऱ्याने तोच निवडावा, हे उत्तम.