३० कोटी किलोमीटरवरून आलेलं ‘हो’

अंतराळात यान हरवलं, तर शोधायचं कुठे? तिथे ना रस्ता, ना पाटी, ना विचारायला माणूस! जपानच्या ‘हायाबुसा’ यानाच्या मंडळींपुढे डिसेंबर २००५मध्ये हाच प्रश्न उभा राहिला.

हायाबुसा २००३ साली निघालं होतं ते इटोकावा नावाच्या जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावरची माती आणायला. तिथे ते उतरलंसुद्धा! पण यान स्थिर ठेवणाऱ्या तीन चाकांपैकी दोन आधीच बंद पडली होती. त्यात इंधन गळलं, यान गरगरायला लागलं, अँटेनाचं तोंड पृथ्वीकडून फिरलं आणि संपर्क तुटला.

शास्त्रज्ञांनी गणित मांडलं. गरगरणारं यान हळूहळू एकाच अक्षाभोवती संथ फिरू लागेल. मग कधीतरी सौरपट्ट्यांवर ऊन पडेल, अँटेना आपल्याकडे वळेल. नेमकी तेव्हाच आपली हाक पोचायला हवी! म्हणून त्यांनी हाका मारणं थांबवलंच नाही. प्रकल्पप्रमुख जुनइचिरो कावागुची तर चहासाठीच्या थर्मासात ताजं गरम पाणी भरून ठेवायचे. खोलीत येणाऱ्याला कळावं, की इथलं काम चालू आहे. या सगळ्या गोष्टीत मला ते गरम पाणीच सर्वांत जास्त आवडतं.

२३ जानेवारी २००६ला क्षीण संकेत आला! पण यानाला धड बोलता कुठे येत होतं? संकेत चालू किंवा बंद, एवढंच त्याला जमे. म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’. एक प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची अर्ध्या तासाहून जास्त वाट बघायची. असं एकेक विचारत त्यांनी यानाची सगळी तब्येत जाणून घेतली.

परतीच्या वाटेवर, २००९मध्ये, इंजिनंही थकली. एकाचा आयन फेकणारा भाग शाबूत होता, दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन सोडणारा. दोन्ही जोडून एक इंजिन केलं! अशी वेळ आलीच तर, म्हणून एक छोटा डायोड इंजिनिअरांनी उड्डाणाआधीच बसवून ठेवला होता. केवढी दूरदृष्टी!

१३ जून २०१०ला, ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा, यान परतलं. ते वातावरणात जळून गेलं, पण त्याची कुपी ऑस्ट्रेलियात सुखरूप उतरली. आत इटोकावाचे दीड हजारांवर कण निघाले, बहुतेक केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. आपल्या पृथ्वीवर नेहमी पडणाऱ्या दगडी अशनी अशाच लघुग्रहांवरून येतात, याचा पुरावा त्या कणांनी दिला.