करवंद : शेताचे कुंपण आणि घरचे फळ

सह्याद्रीचा पायथा, घाटमाथा आणि कोकणातील कातळ या भागांत करवंदीची जाळी कोणी मुद्दाम लावलेली नसते. ती आपोआप उगवते, उन्हाळ्यातही हिरवी राहते आणि वैशाख-ज्येष्ठात काळ्याभोर फळांनी लगडते. ‘डोंगरची काळी मैना’ या नावाने ही फळे पानांच्या द्रोणांतून विकली जातात. डोंगरातील अनेक आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडाशी त्यातून चार पैसे मिळतात. तथापि सरपणासाठी व जमीन मोकळी करण्यासाठी जाळ्या तोडल्या जात असल्याने, हे झुडूप बांधावर आणणे हिताचे आहे.

करवंद हे कण्हेरीच्या कुळातील सदाहरित, काटेरी झुडूप होय. पान अगर कच्चे फळ तोडताच पांढरा चीक निघतो. फुले पांढरी व सुवासिक असतात. कण्हेर विषारी आहे, करवंदाचे फळ मात्र खाण्याजोगे आहे. म्हणून या कुळातील अनोळखी झुडपाचे फळ तोंडात घालू नये.

जमीन व हवामान : मुरमाड, जांभ्याची, उथळ, इतर पिकांस निरुपयोगी अशी जमीनही करवंदास चालते. भरपूर ऊन मात्र हवे. पाणी साचून राहणाऱ्या जागी मुळे कुजतात, म्हणून अशी जागा टाळावी. कडाक्याच्या थंडीने कोवळी रोपे दगावतात.

लागवड : बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. यासाठी पूर्ण पिकलेल्या फळांतील बी काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरावे. पुढील वर्षासाठी राखून ठेवू नये. रोपे सुरुवातीस सावकाश वाढतात. ती वर्षभर सांभाळून दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर, तर फळांसाठी सुमारे ३ मीटर अंतर ठेवावे. मोठ्या फळांसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही जात प्रसारित केली आहे. जातिवंत झाडाचे गुण बियांपासून जसेच्या तसे उतरतीलच असे नाही. त्यासाठी गुटी कलमांची रोपे घ्यावीत.

निगा : कुंपणात एक खिंड राहिली, तर गुरे तेथूनच शिरतात आणि बाकीचे सारे कुंपण व्यर्थ ठरते. म्हणून मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्याच पावसाळ्यात नवी रोपे लावावीत. पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून संरक्षणार्थ बाहेरून बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या रचाव्यात. या काळात शेंडे खुडत राहिल्यास झुडूप बुंध्यापासून दाट होते. पुढे मात्र वाटेल तेव्हा छाटणी करू नये. फुले फांद्यांच्या टोकांस येतात. हिवाळ्यात शेंडे छाटले, तर त्या वर्षीची फळे गेलीच म्हणून समजावे. फळे काढून झाल्यावर, पावसाळ्याच्या सुरुवातीस छाटणी केल्यास कुंपण व फळ दोन्ही साधतात.

उपयोग : कच्च्या आंबट फळांचे लोणचे व चटणी करतात. त्यापूर्वी फळे मिठाच्या पाण्यात ठेवल्यास चीक कमी होतो. पिकलेली फळे नुसती खातात, तसेच त्यांचे सरबत व मुरंबा करतात. अर्धवट पिकलेल्या फळांत पेक्टिन भरपूर असल्याने त्यांची जेली चांगली जमते. लाकूड कठीण असून त्याचे चमचे व फण्या करीत असत. संस्कृतात ‘करमर्द’ म्हटल्या जाणाऱ्या या झुडपास आयुर्वेदातही स्थान आहे. परंतु त्याच्या मुळ्यांचा औषधी वापर जाणकार वैद्याच्या सल्ल्याविना करू नये.

तारेचे कुंपण पहिल्या दिवसापासून राखण करते, परंतु त्यास रोख पैसा लागतो आणि पुढे ते गंजते. करवंदीच्या कुंपणास तीन-चार वर्षांचा धीर लागतो. मात्र ते वर्षागणिक दाट होत जाते आणि दर उन्हाळ्यात फळ देते. ज्याच्याजवळ पैसा थोडा आणि बांध लांब, अशा शेतकऱ्याने येत्या मृगात एका बाजूपासून तरी आरंभ करावा.